रिकाम्या जमिनीचा शेरा

कचेरीच्या भाषेत काही शेरे असे असतात, की ते लिहिताना लेखणी अडत नाही आणि वाचताना डोळा थांबत नाही. ‘पाहिले व दाखल केले’ हा एक. ‘तूर्त कार्यवाही नाही’ हा दुसरा. आणि ‘सदर जागा रिकामी असून बांधकामास योग्य आहे’ हा तिसरा. पहिल्या दोहोंनी फारसे कोणाचे बिघडत नाही. तिसऱ्याने मात्र गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्या शहरांतून जेवढे पुसून टाकले आहे, तेवढे एखाद्या परचक्रानेही पुसले नसते, असे आम्ही म्हटले तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. वाटो. बंद पडलेली गिरणी, बंद पडलेला कारखाना म्हणजे रिकामी जागा नव्हे, असे आमचे म्हणणे आहे. आणि तेथे घरे उठविण्यापूर्वी त्या जागेचे रीतसर पुरातत्त्वीय अन्वेषण झालेच पाहिजे, त्याचा खर्च बांधणाराने सोसला पाहिजे, आणि ते झाल्याविना परवानगीच्या कागदावर कोणी सही करता कामा नये, असा आमचा आग्रह आहे. या आग्रहाला आमच्याच मंडळींतून जी उत्तरे मिळतात, ती पाहूनच हा लेख लिहावा लागत आहे.

प्रथम आम्ही राहतो त्या हेब्बाळची गोष्ट. २०१८ साली येथील आनंदगिरी वसाहतीत गटाराचे खोदकाम चालू असता एक शिळा वर आली. ती वीरगळ निघाली. इसवी सन ७५० च्या सुमाराची, गंगवंशीय श्रीपुरुष राजाच्या कारकिर्दीतली. पेर्बोळल नाडू, म्हणजे आजचे हेब्बाळ ज्यात येते त्या तीस गावांच्या टापूचा कित्तय्या नावाचा अधिकारी शत्रूशी लढता लढता पडला, असे तीवर जुन्या कन्नडात कोरलेले आहे. बंगळूर शहराच्या हद्दीत मिळालेल्या सर्वांत जुन्या कन्नड लेखांत तिची गणना होते. कित्तय्या ज्यांच्याशी लढला ते राष्ट्रकूट. ज्या घराण्याने पुढे वेरुळास कैलास कोरविला, त्याच घराण्याच्या फौजेशी आमच्या दारातल्या गटाराजवळचा हा माणूस लढून मेला. स्थानिक रहिवाशांनी व हौशी संशोधकांनी त्या शिळेचे रक्षण केले, तिच्यासाठी मंडप उभारला. त्यांचे ऋण आम्ही मानतो. परंतु ती शिळा सापडली, ती कोणी तेथे शोध करीत होते म्हणून नव्हे. गटाराची आखणी चार हात पलीकडे झाली असती, किंवा यंत्राच्या फाळाने ती उलटी पाडून मातीखाली दाबली असती, तर बंगळूरच्या इतिहासाचे एक शतक आजही तेथेच निजून राहिले असते. ज्या शहराला आपल्या पोटात काय आहे याची वार्ता गटारे खणणाराकडून कळते, त्या शहरात अन्वेषणाचा नियम नाही, नशीब आहे.

आणि वीरगळ तरी दगडाची असते. तिच्यावर अक्षरे असतात. कोणीतरी थबकते, पाणी ओतून पाहते, फुले वाहते. गिरणीचे तसे नाही. तिचे अवशेष विटांचे, बिडाचे, लाकडाचे. त्यांवर लेख कोरलेले नसतात आणि बाजारात त्यांना वजनावर भाव मिळतो. बाष्पपात्र, दंड, चाके, चरक, सगळे भंगारवाल्याच्या काट्यावर चढते. विटा दुसऱ्या कोणाच्या कुंपणात जातात. उरलेला चुना-डबर पायाखाली भरीला पडतो. पंधरवड्यात जागा खरोखरच रिकामी होते, आणि मग शेरा लिहिणारा खोटे लिहितो असेही कोणाला म्हणता येत नाही.

बंगळूरच्या बाबतीत हे सारे आपल्या डोळ्यांदेखत घडले आहे. १८८४ साली स्थापन झालेली बंगळूर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल, जिला गावाने आणि जगाने बिन्नी मिल या नावानेच ओळखले, तिच्यावरून बिन्नीपेठ वसली. त्या आवारात आज उंच मनोरे आहेत. मल्लेश्वरमच्या राजा मिलच्या जागी २०१० साली मंत्री स्क्वेअर हा बाजार उघडला. तेथे मधल्या सुटीत आम्हीही कधी जातो व थंड हवा खाऊन परततो. मिनर्व्हा मिलचे नाव तर घटनेच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. १९८० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्याने ते अजरामर केले, आणि विभागीय परीक्षेस बसणारा प्रत्येक कारकून ते घोकतो. परंतु ती गिरणी बंगळूरची होती, तेथे कापड विणले जात होते व माणसे राबत होती, हे शंभरातल्या पाचांनाही ठाऊक नसते. मिनर्व्हा मिल म्हणजे एक खटला!

हेब्बाळहून पश्चिमेस बाह्य वर्तुळमार्गाने गेले की जलहळ्ळी लागते. तेथील एच. एम. टी.ची हकिकत याहून बोलकी आहे. १९५३ साली कंपनी स्थापन झाली आणि पुढे स्विस सहकार्याने येथे यंत्रे घडविणारी यंत्रे तयार होऊ लागली. १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने घड्याळे. आपल्या घरात वडिलांच्या मनगटावर जे घड्याळ होते, जे मुंजीत, लग्नात, परीक्षा पास झाल्यावर किंवा सेवानिवृत्तीच्या समारंभात नारळ-शालीबरोबर हाती पडले, ते बहुधा याच कारखान्यात जुळविलेले. आपला वर्ग त्या घड्याळाने कचेरीत वेळेवर पोचला. २०१६ च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने घड्याळांचा धंदा बंद करण्यास मंजुरी दिली. २०१९ मध्ये तेथे एक छोटे वस्तुसंग्रहालय उघडले, ते चांगलेच झाले. तथापि काचेच्या कपाटात ठेवलेली घड्याळे हा कारखाना नव्हे. नखाएवढ्या चाकांवर दिवसभर डोळे लावून बसणाऱ्या जुळणीखात्यातल्या बाया कोणत्या खिडकीच्या उजेडात बसत, धूळ आत येऊ नये म्हणून काय योजना होती, ओतशाळेपासून जुळणीपर्यंत माल कोणत्या वाटेने फिरे, हे घड्याळ सांगत नाही. इमारत सांगते, जमीन सांगते. त्या जमिनीचे तुकडे मात्र वेगवेगळ्या धन्यांकडे गेले, आणि २०२४ साली राज्याच्या वनखात्याने ती मुळात आमची म्हणून दावा मांडला. कंपनी म्हणते आमची, वनखाते म्हणते आमची. वादाच्या कागदांत एकरांचा हिशेब आहे. त्या एकरांवर काय घडले याचा हिशेब मागणारा वादी कोणीच नाही.

जलहळ्ळीच्या परिसरात दुसऱ्या महायुद्धात इटालियन युद्धकैद्यांच्या छावण्या आणि लष्करी इस्पितळे होती. त्याच परिसरात, दहा वर्षे उलटतात न उलटतात तोच, स्वतंत्र देशाचे कारखाने उठले. शेत, छावणी, कारखाना, सदनिका: एका माणसाच्या आयुष्यात मावणारे हे चार थर आहेत. पुरातत्त्वज्ञ थर वाचतो म्हणतात. येथे वाचायला कोणी आलेच नाही.

आता पहिला आक्षेप. ‘अहो, पुरातत्त्व म्हणजे पुराणकाळचे. कारखान्याचे कसले आले आहे पुरातत्त्व?’ हा आक्षेप नेमका सुशिक्षितांकडून येतो. यात दोष काहीसा शब्दाचा आहे. ‘पुरा’ म्हटले की आपल्याला खापरे आणि शिवलिंगे दिसू लागतात. १९५५ साली मायकेल रिक्स या इंग्रज अध्यापकाने औद्योगिक पुरातत्त्व ही संज्ञा लोकांपुढे मांडली, तेव्हा तिकडच्या पंडितांनीही नाके मुरडली होती. पण आपल्याला इंग्लंडात जाण्याचे कारण नाही. नागपूर जिल्ह्यात नायकुंड येथे १९७०-८० च्या सुमारास शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केले, तेव्हा महापाषाणयुगातली लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. भट्टीच्या विटा, भाता बसविण्याचे नळकांडे, धातुमळ, सारे मोजले गेले, रेखाटले गेले, प्रसिद्ध झाले. राजस्थानात जावर येथे १९८० नंतरच्या दशकात बडोद्याचे के. टी. एम. हेगडे, ब्रिटिश म्यूझियमचे पॉल क्रॅडॉक आणि खाणीची मालक हिंदुस्तान झिंक कंपनी यांनी मिळून जस्त गाळण्याच्या जुन्या भट्ट्यांचा शोध घेतला, आणि भारताने युरोपच्या आधी जस्त गाळले हे जगाला मान्य करावे लागले. म्हणजे कारखान्याचे पुरातत्त्व असते, आपल्याकडे झालेले आहे, आणि आपल्याच विद्वानांनी केलेले आहे. मग अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोहाराची भट्टी असली की ती विद्या, आणि सव्वाशे वर्षांपूर्वीच्या परळच्या फायरमनची भट्टी असली की ते भंगार, हा भेद कोणत्या शास्त्रात बसतो?

कायद्यात तो बसतो, असे कोणी सांगेल. बसतो खरा. १९५८ चा केंद्रीय कायदा शंभर वर्षांची अट घालतो. परंतु बिन्नी मिलने शंभरी ओलांडली तेव्हा तरी काय झाले? मुंबईतली पहिली गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली काढली. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ च्या पहिल्या जानेवारीस चालू केली. वयाचा दाखला त्यांच्यापाशी होताच. कायद्याला वय पुरत नाही. अधिसूचना लागते, आणि अधिसूचना काढणाराच्या मनात मंदिर, मशीद, किल्ला, थडगे यांपलीकडचे चित्र उमटत नाही. २०१० च्या दुरुस्तीने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटर बांधकामास बंदी आली व त्यापुढील दोनशे मीटरांवर नियंत्रण आले. ठीकच झाले. पण जे आधीच संरक्षित आहे त्याच्या अंगणापुरता तो नियम. जे अद्याप कोणी पाहिलेलेच नाही, त्याच्या वाट्याला काही नाही. हेब्बाळची वीरगळ २०१७ साली या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हती.

मुंबईच्या गिरणगावाकडे वळल्याशिवाय हा विषय मराठी माणसापुढे पुरा मांडता येणार नाही. १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला संप कसा विरत गेला, त्याचे दुःख आम्ही येथे उगाळीत नाही. आम्हांला फक्त एका शब्दाचा प्रवास दाखवायचा आहे. १९९१ च्या विकास नियमावलीत नियम ५८ आला. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर ढोबळ मानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश सरकारी घरबांधणीला आणि उरलेली मालकाला, असा तो होता. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली, आणि वाटणी फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, म्हणजे ज्यावर गिरणीचे बांधकाम नव्हते तेवढ्याचीच, असे ठरले. शेड पाडून टाकल्यावर जी जमीन उघडी पडते ती मोकळी धरायची नाही! मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे अमान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ते उचलून धरले. त्याच सुमारास, २००५ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जमिनी सुमारे दोन हजार कोटी रुपयांना विकल्या गेल्या. निवाड्यावर भाष्य करण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. पण शब्दांची गंमत पाहा. शहराला बागेसाठी वाटा द्यायची वेळ आली की ती जमीन भरलेली असते, कारण तेथे गिरणी होती. आणि त्या गिरणीची नोंद करा, मोजमाप करा, पाया उकलून पाहा म्हटले की तीच जमीन रिकामी असते, कारण तेथे आता गिरणी नाही.

‘कागद आहेत की! कंपन्यांचे दप्तर पाहा, संचालकांचे अहवाल पाहा.’ हा दुसरा आक्षेप. आम्ही स्वतः कागदांवर पोट भरणारी माणसे असल्यामुळे कागदात काय येते आणि काय येत नाही, हे आम्हांला इतरांहून थोडे अधिक कळते. कंपनीच्या दप्तरात गाठींची संख्या येते, लाभांश येतो, विम्याचा हप्ता येतो. दप्तर ज्याने ठेवले त्याला जे हवे होते तेवढेच त्यात येते. आणि कंपनी बुडाली की दप्तर अवसायकाच्या गोदामात वाळवीच्या स्वाधीन होते. पण जमीन काय सांगते ते एका उदाहरणाने सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत कापडखात्यात अस्पृश्य कामगारांना साचे चालवू देत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तो उष्टा होतो, म्हणून सवर्ण कामगारांची हरकत असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. पिण्याच्या पाण्याचा विटाळही गिरण्यांत होता. आता गिरणीच्या जुन्या आवारात पाण्याचे नळ कोठे कोठे होते, त्यांत दुसऱ्यांपासून तोडून काढलेला कोणता, कोणत्या खात्याला कोणते दार होते, कोणत्या साली भिंत फोडून दोन वाटा एक केल्या, हे पाया, चर आणि नळांचे मार्ग उघडे केले तर हाताने दाखविता आले असते. संचालकांच्या अहवालात ही भिंत सापडावयाची नाही. ती भिंत पाडली त्या दिवशी आपल्या सामाजिक इतिहासाचा एक दस्तऐवज फाटला, आणि तो फाडण्याबद्दल ठेकेदाराला घनफुटाने दर मिळाला.

तीच गोष्ट रविवारची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० च्या १० जूनला साप्ताहिक सुटी मिळवून दिली. हे लोखंडे स्वतः मांडवीच्या गिरणीत भांडारपालाचे काम केलेले, म्हणजे एका अर्थाने आपल्याच जातकुळीतले कारकून! रविवार हा आपल्याला सृष्टिनियमासारखा वाटतो; सूर्य उगवतो तसा रविवार येतो. तो ज्यांनी मिळविला ते जेथे जमत, जेथे राबत, त्या आवारांची आपण एक मोजणीसुद्धा ठेवली नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाच्या माणसांच्या तोंडून त्यांच्या शंभर वर्षांची हकिकत गोळा करून २००४ साली ग्रंथ केला, हे मोठेच काम. आवाज राहिले, ज्या भिंतींत ते घुमले त्या गेल्या. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय करण्याचा महापालिकेचा संकल्प कित्येक वर्षे रेंगाळत राहिला.

तर अन्वेषण म्हणजे नेमके काय करावयाचे? पुष्कळांची अशी समजूत दिसते, की पुरातत्त्वज्ञ आला म्हणजे तो दोरी बांधून ब्रशाने दहा वर्षे माती झाडीत बसणार आणि तोवर घरे राहिली! वस्तुस्थिती तशी नाही. आधी नकाशे, विम्याचे आराखडे, मोजणी खात्याची पाने, जुनी छायाचित्रे एकत्र करून जागेची वंशावळ तयार करावयाची. मग उभ्या इमारतींचे मोजमाप: छप्पर करवतीच्या दात्यांसारखे का, त्याची काच उत्तरेकडे का (ऊन न येता उजेड यावा म्हणून), इंजिनघरातून मजल्यामजल्यावर शक्ती वाहून नेणारे दोर कोणत्या खाचेतून जात, भोंगा कोठे होता, तळे कोठे होते, मारुतीची घुमटी कोणत्या दारापाशी होती. त्यानंतर जेथे काही असण्याचा संभव आहे तेथेच चाचणीचे चर घ्यावयाचे, आणि काही महत्त्वाचे निघाले तरच विस्ताराने खोदावयाचे. जोडीला तेथे काम केलेल्या वृद्धांना जागेवर नेऊन बोलते करावयाचे. शेवटी अहवाल, नकाशे, छायाचित्रे सार्वजनिक ग्रंथालयात. हे काम काही आठवड्यांचे किंवा काही महिन्यांचे असते, आणि नकाशे मंजूर होण्यास लागणाऱ्या काळाशी त्याची तुलना केली तर आमच्या वर्गाने तरी विलंबाच्या गोष्टी करू नयेत.

इंग्लंडात १९९० पासून नियोजनाच्या नियमांत हे बसविले गेले, आणि खर्च बांधणाराच्या माथी आला. तेथील बिल्डर काही देशोधडीस लागले नाहीत. २००९ साली मँचेस्टरला एका सहकारी संस्थेचे मुख्यालय बांधण्यापूर्वी एंजल मेडो नावाच्या जुन्या कामगार वस्तीची जमीन उकलली, तेव्हा ज्या हलाखीचे वर्णन एंगेल्सने १८४५ च्या ग्रंथात केले होते, ती तळघरातली बिऱ्हाडे विटा-फरशीसह वर आली. मुख्यालयही झाले. सिडनीत १९९४ साली रॉक्स भागातल्या जुन्या गरीब वस्तीचे उत्खनन झाले. साडेसात लाखांच्या आसपास वस्तू मिळाल्या, आणि पुढे त्या अवशेषांवर खांब उभारून वरती प्रवाशांचे वसतिगृह बांधले. खाली इतिहास, वर बिछाने. फ्रान्सने २००१ साली याचा कायदाच केला.

‘त्या श्रीमंत देशांच्या चैनी आहेत’ हा तिसरा आक्षेप, आणि तो ऐकला की आमचा संयम सुटतो. १९५४ साली हा देश श्रीमंत होता काय? धान्य बाहेरून येत होते, दुसरी पंचवार्षिक योजना अद्याप सुरू व्हायची होती. त्या दिवसांत कृष्णेवर नागार्जुनसागर धरणाचा बेत झाला, नागार्जुनकोंड्याचे खोरे पाण्याखाली जाणार हे दिसले, आणि याच गरीब सरकारने १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे ते सारे खोरे खणून, मोजून, निवडक वास्तू उचलून उंच टेकडीवर पुन्हा उभ्या केल्या. धरण थांबले नाही. पाणी आले, पीक आले, आणि आज त्या टेकडीच्या बेटावर संग्रहालयही आहे. पैसा तेव्हा कमी होता. कमी नव्हती ती लाज.

घरांची निकड आम्हांला कोणी शिकवू नये. सरकारी निवासस्थानाच्या यादीत आपला क्रमांक कितवा, हे पाहण्यात आमची अर्धी नोकरी जाते. गिरणी कामगारांच्या घरांसाठी मुंबईत लाखाहून अधिक अर्ज आले, तेथे पुरातत्त्वाच्या नावाने एकही घर अडावे असे आम्ही म्हणत नाही. उलट ज्याला त्या घरात राहावयाचे आहे त्याच्याच हितासाठी अन्वेषण हवे. कारखान्याच्या जमिनीत काय मुरले आहे हे कारखान्याचा इतिहास शोधल्याविना कळत नाही. रंगशाळा कोठे होती, मुलामा देण्याचे खाते कोठे, तेलाची टाकी कोठे पुरली, सांडपाण्याचा चर कोणत्या बाजूला उतरला, हे पुरातत्त्वज्ञाचेच प्रश्न आहेत. अमेरिकेत नायगारा फॉल्स गावी लव्ह कॅनाल नावाच्या जुन्या चरात एका कारखान्याने रसायने पुरली. वर शाळा आणि घरे झाली. १९७८ साली तळघरांत विष पाझरू लागले तेव्हा सरकारला आणीबाणी पुकारून कुटुंबे हलवावी लागली. तेथेही कोणी तरी जागा रिकामी असल्याचे धरून चालले होते. भोपाळच्या कारखान्याच्या आवारात साठलेला विषारी कचरा १९८४ नंतर चाळीस वर्षांनी, २०२५ च्या जानेवारीत, तेथून हलला.

आता आमच्या मराठी मंडळींस दोन शब्द. येथल्या कोणत्याही मराठी समारंभात शहाजीराजांचे व त्यांच्या बंगळूरच्या जहागिरीचे नाव निघाले, की टाळ्या पडतात. पडाव्यात. परंतु ‘हा कानडी मुलूख, इथल्या जमिनीचे इथल्यांनी पाहावे, आपण आज आहोत, उद्या बदली’ असे त्याच सभागृहाच्या पायरीवर ऐकू येते. शहाजीराजे आपले, आणि त्यांच्या गावाची जमीन मात्र परक्याची? कित्तय्या राष्ट्रकूटांशी लढून पडला, तो लेख कन्नडात आहे. तो वाचायचा तर कन्नड अभ्यासकांच्याच पायाशी बसावे लागते, आणि त्यात आमच्याही पूर्वेतिहासाचे एक पान आहे. इतिहास प्रांतरचनेच्या रेषा पाहून जमिनीत उतरत नाही. एच. एम. टी.च्या आवारातही अनेक प्रांतांची माणसे राबली. शिवाय बदली झालेल्या माणसाला एक सोय असते: त्याला गावातल्या कोणाचे मिंधे व्हावे लागत नाही. जे स्थानिक कारकुनाला बोलता येत नाही ते आपण निदान लिहू शकतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण लोहमार्ग, टपाल, लेखापरीक्षा, आयकर, सार्वजनिक बांधकाम, संरक्षण हिशेब अशा खात्यांत आहेत. केंद्राच्या मालकीचे बंद कारखाने, त्यांची विक्री, हस्तांतर, मूल्यांकन, यांच्या फायली आपल्याच मेजांवरून जातात. आम्ही बंडाचा सल्ला देत नाही. आचरणनियम आम्हांलाही पाठ आहेत. टिपणी लिहिणाऱ्याचा एक अधिकार मात्र अद्याप कोणी काढून घेतलेला नाही, आणि तो म्हणजे प्रश्न विचारण्याचा. ‘सदर जागेवर पूर्वी कोणता उद्योग होता, त्याच्या इमारती व यंत्रांची नोंद झाली आहे काय, झाली असल्यास ती कोठे ठेवली आहे?’ एवढे एक वाक्य टिपणीत आले, तर वरच्या साहेबांना त्याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ लिहावे लागते. ‘नाही’ लिहिताना एखादा हात थांबेल.

बांधकामाच्या परवानगीबाबतही फार मोठे काही करावे लागणार नाही. वीस हजार चौरस मीटरांवरच्या बांधकामास २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणाची पूर्वमंजुरी लागतेच. त्या अर्जात पाणी, सांडपाणी, झाडे, रहदारी यांची विचारपूस असते. पूर्वीच्या उद्योगाचे मोजमाप व नोंद करूनच पुढे जा, असे त्यात कोठे म्हटलेले नाही. ते म्हटले जावे. जागेवर पन्नास वर्षे कारखाना चालला असेल तर राज्य पुरातत्त्व खात्याचा किंवा विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाचा अहवाल अर्जासोबत असावा. अहवालाचा खर्च अर्जदाराने खात्याकडे भरावा, पुरातत्त्वज्ञाच्या हाती थेट नव्हे, म्हणजे अहवाल कोणाच्या सोयीने लिहिला जाणार नाही. पाडकामाचा दाखला अहवाल पोचल्यावरच मिळावा, कारण आज पाडकाम आधी उरकते व अर्ज मागून येतो. याला नवा कायदा लागत नाही. एक अधिसूचना आणि छापील नमुन्यात एक वाढीव रकाना पुरतो.